पगार एका कामाचा

प्रश्न विचारणारी मुलगी दारव्हा तालुक्यातली आहे. मराठी घेऊन बी.ए. झाली, पक्ष्यांचा नाद आहे, जुन्या पुस्तकांवर आणि विदर्भातल्या लेखकांवर लिहायची हौस आहे. घरचे म्हणतात, बी.लिब., म्हणजे ग्रंथपालनाची पदवी, करून घे, कुठंतरी चिकटशील. ग्रंथपालाची नोकरी, मुलांना निसर्ग शिकवणं आणि वाङ्मयेतिहासाचं लेखन, असं तिन्ही धरून जगता येतं का आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची, असं तिनं विचारलंय.

येतं. मी ३१ वर्षं तेच करतेय. पण 'जगता येतं' म्हणजे काय ते आधी बोलू, कारण त्या बाबतीत तुला गोड बोलून फसवणारे पुष्कळ भेटतील.

मी मेळघाटच्या पायथ्याशी, संत्र्याच्या पट्ट्यात, एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. तुझं दारव्हा आणि आमचा भाग एकेकाळी एकाच गाडीनं जोडलेला होता. शकुंतला! यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूर आणि तिथून दुसरा फाटा अचलपूरला. गाडी आता बंद आहे, पण सोयरिक धरून तुला 'तू' म्हणते, राग मानू नको.

ग्रंथपालाच्या पगाराची दारं तीन. पहिलं वरिष्ठ महाविद्यालयाचं. तिथं पुढची पदवी एम.लिब. आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, पगार चांगला, जागा मात्र बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्यांच्यासाठी रांग मोठी. दुसरं शाळेचं. तिथं पद पटसंख्येवर ठरतं, त्यामुळं खेड्यातल्या लहान शाळेला ग्रंथपाल मिळतच नाही. शाळेची पुस्तकं एका गोदरेजच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. तिसरं दार आमचं, सार्वजनिक वाचनालयाचं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला सरकारी पैसे. त्यातला साधारण अर्धा भाग पगारावर. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि वेळेवर आलं तर आम्ही पेढे वाटतो. ड वर्गाच्या वाचनालयात जो एकटा माणूस कुलूप उघडतो, झाडतो, पुस्तकं देतो, वर्गणी गोळा करतो, त्याला महिन्याला जे मिळतं त्यात मोबाइलचं रिचार्ज आणि पेट्रोल निघतं. मी टिकले ते घरी संत्र्याची बाग होती म्हणून. ज्या वर्षी आंबिया बहार गळला, त्या वर्षी मी सकाळी शिकवण्या घेतल्या. हे मोठ्या त्यागाचं म्हणून सांगत नाहीये. हिशेब आधी कळलेला बरा.

निसर्गशिक्षणाचे पैसे याहून कमी आणि अनियमित. जंगलाच्या गेटवर मार्गदर्शक झालीस तर फेरीमागे मिळतात, हंगाम असेपर्यंत. शाळांची शिबिरं घेतलीस तर मानधन, पुष्कळदा शाल-श्रीफळ. माझ्याकडे इतके नारळ जमले की एका वर्षी मी शाळेला कळवलं, शालीऐवजी दोन दुर्बिणींची वर्गणी द्या. लेखनाचं तर बोलूच नये. दिवाळी अंकाचं मानधन आलं तर जाण्यायेण्याचं भाडं सुटतं.

म्हणून घरच्यांचं ऐक आणि बी.लिब. कर. मुक्त विद्यापीठातूनही होतं, म्हणजे गाव सोडावं लागत नाही. जमलं तर पुढं एम.लिब. आणि सेट. पगार एकाच कामाचा मिळणार, बाकीची दोन त्याच्या टेबलावर वाढवायची. तू उलटं करशील, आधी लेखक किंवा निसर्गप्रेमी म्हणून नाव कमवीन आणि मग नोकरी बघीन म्हणशील, तर तिशीपर्यंत कंटाळशील. असे तीन-चार हुशार पोट्टे माझ्या डोळ्यांदेखत पुण्याला गेले आणि आता भलत्याच कंपन्यांत आहेत.

आता ही तीन कामं एका टेबलावर मावतात कशी ते सांगते.

आमच्या वाचनालयाची सगळ्यात जुनी दाखल नोंदवही लाल कापडी पाठीची आहे. रकाने नेहमीचेच: दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, कुठून आलं आणि शेवटी शेरा. मी नवीन लागले तेव्हा शेऱ्याचा रकाना म्हणजे मला कचऱ्याची पेटी वाटायची. 'हरवले.' 'सभासद मयत, पुस्तक परत नाही.' 'वाळवी.' एक दिवस पान उलटताना सलग चौदा पुस्तकांपुढं एकाच हातानं, एकाच शाईनं लिहिलेलं दिसलं: 'पुराने भिजून रद्द', खाली सप्टेंबरातली एक तारीख. त्या पुराबद्दल मी म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाले पोळ्याच्या पाठोपाठ आला, दुसरे म्हणाले महालक्ष्म्या बसल्या होत्या, तिसऱ्यांनी तर सालच दुसरं सांगितलं. नदी वाचनालयाच्या खालच्या कप्प्यापर्यंत चढली होती, याचा गावातला एकुलता एक लेखी पुरावा म्हणजे ते चौदा शेरे. कुणा ग्रंथपालानं चिखलातून पुस्तकं उचलून ओळीनं मांडली असतील, क्रमांक पाहिले असतील आणि मगच टाकून दिली असतील.

मग मी ती चौदा नावं घेऊन बसले. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' तुला माहीत नसेल तर आजच माहीत करून घे. एका माणसानं १८०० पासूनच्या छापील मराठी पुस्तकांची यादी केली. पहिला भाग १९३७ पर्यंतचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. आमच्या चौदांपैकी तेरा पुस्तकं मला दात्यांकडं सापडली. चौदावं सापडलं नाही. नोंदवहीत त्याच्यापुढं एवढंच: पद्य, पाने ३२, किंमत चार आणे, 'ग्रंथकर्त्याकडून भेट'. म्हणजे लेखक इथलाच, पायी येऊन पुस्तक देऊन गेलेला. वाङ्मयेतिहासावरचा माझा पहिला लेख त्या बत्तीस पानांवर आहे, जी मी आजवर पाहिलेली नाहीत. लेखक कोण, घराणं कोणतं, पुस्तक कोणत्या छापखान्यात निघालं असेल, यासाठी अमरावती, अकोला, परतवाडा असं दोन वर्षं फिरले. लेखकाची नात सापडली. पुस्तक तिच्याकडंही नव्हतं. त्यातली एक आरती मात्र तिला तोंडपाठ होती.

बघ, त्या एका रकान्यात नदी आहे, पुस्तक आहे आणि गावचा कवी आहे. तुझी तीन कामं म्हणजे असंच एक काम आहे: नोंद करणं. तारीख, जागा, काय पाहिलं, कुणी सांगितलं. पक्ष्याची असो की पुस्तकाची, नोंदीचं व्याकरण एकच.

निसर्गाच्या कामात मी दोन वर्षं वाया घालवली, ती गोष्ट तुला उपयोगी पडेल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाचवी ते सातवीची पोरं घेऊन मी नाल्याकाठी जायची. एकदा बाभळीखाली मोठा काळा पक्षी, तपकिरी पंख, लाल डोळे, तुरुतुरु चाललेला. पोरं ओरडली, "कुकुडकोंबा!" मी म्हटलं, कुकुडकोंबा नाही म्हणायचं, भारद्वाज म्हणायचं. त्या दिवसांत मला वाटायचं की पुस्तकातलं नाव शिकवणं म्हणजेच शिक्षण. होला म्हटलं की मी त्याच्या चार जाती सांगायची आणि 'होला' खोडायची. एका मुलीनं घरी जाऊन आजीचं बोलणं सुधारलं. आजी मला बुधवारच्या बाजारात गाठून म्हणाली, "काहो म्याडम, आमच्या कुकुडकोंब्याचं बारसं केलं म्हन्ते तुमी?"

मी हसले, पण रात्री झोप आली नाही. आजीकडं त्या पक्ष्याचं नाव होतं, शकुन होता, तो कुठल्या झुडपात घरटं करतो ते ठाऊक होतं, आणि मी नातीच्या हाती खोडरबर देऊन पाठवलं होतं. तेव्हापासून आमच्या कार्डावर दोन रकाने आहेत. पहिल्यात पोरगं सांगेल ते नाव, जसं उच्चारलं तसं, आणि ते कुणाकडून ऐकलं ते. दुसऱ्यात पुस्तकातलं नाव, तेही नंतर वाचनालयात येऊन स्वतः शोधून. हा दुसरा रकाना भरायला पोरं कपाटाशी जातात, ड्युईच्या ग्रंथवर्गीकरणातला ५९८ हा पक्ष्यांचा आकडा त्यांना आपोआप पाठ होतो, आणि माझी पुस्तकांच्या देवघेवीची संख्या वाढते, जी वाचनालयाच्या तपासणीच्या वेळी दाखवायला बरी पडते. (हेही काम आहेच ना.)

मारुती चितमपल्ली वाच. वाचलं असशील तर पुन्हा वाच, या वेळी शब्दांसाठी. मूळचे सोलापूरचे, पण नोकरीतला मोठा काळ आपल्या जंगलांत गेला: नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. रानातल्या माणसांकडून ऐकलेली नावं त्यांनी मराठीत आणली, जिथं शब्द नव्हता तिथं घडवला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' हा शब्द त्यांचा. 'पक्षिकोश' हा तर तुझ्या दोन्ही छंदांच्या मधोमध बसलेला ग्रंथ. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोहोंमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तुला शाळेत शिरायला याहून सोपं निमित्त मिळणार नाही. मुख्याध्यापकांकडे परिपत्रक आलेलं असतं आणि कार्यक्रम कोण करणार ही त्यांना चिंता असते. तू आयतीच हजर व्हायचंस.

आमच्याकडं आश्रमशाळेतली कोरकू पोरं येतात, तेव्हा कार्डाला तिसरा रकाना लागतो. कोरकूत वाघाला 'कुला' म्हणतात. ती भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्याही कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे, आणि वर्गात गप्प बसणारं पोरगं त्या रकान्यापाशी आलं की एकदम मास्तर होतं. तुझ्याकडं बंजारा आणि कोलाम मुलं असतील. तुझा तिसरा रकाना त्यांच्याकडून भरून घे. दुसऱ्याकडून तयार यादी घेऊ नको. हे कळकळीनं सांगते, कारण जैवविविधता कायदा २००२ चा, त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. एका गावची तयार नोंदवही मी चाळली, बाहेरच्या एका संस्थेनं भरून दिलेली. वनस्पतींच्या यादीत कांदळवन! आमच्याकडं समुद्र बघतात तो मुंबईला कुणाचं लग्न असेल तरच. कुठल्यातरी कोकणातल्या गावची यादी उचलून नाव बदललेलं. तुझ्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असेल तर त्या नोंदवहीच्या कामात घुस. पैसे थोडे, पण म्हाताऱ्यांशी बसून बोलायचा अधिकृत परवाना मिळतो.

आता एक सकाळ सांगते, जानेवारीतली. मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरण आहे, त्याच्या जलाशयाला नळ-दमयंती सागर असं नाव आहे. आम्ही पंचवीस पोरं आणि तीन दुर्बिणी. धुकं वर उठलं तसे पाण्याच्या कडेला करडे-पांढरे मोठे पक्षी दिसले. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे आडवे पट्टे, म्हणजे पट्टकादंब, हंसाच्या कुळातले. उन्हाळ्यात तिबेट, लडाख, मंगोलियाकडं वीण करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून इकडं येतात. मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. सहावीतला एक मुलगा दुर्बीण सोडायला तयार नव्हता. त्यानं आदल्या आठवड्यात वाचनालयात नळराजाची गोष्ट ऐकली होती: नळानं हंस धरला, हंस गयावया करू लागला, नळानं सोडला, आणि तो विदर्भात दमयंतीकडं नळाचा निरोप घेऊन गेला. तो म्हणाला, "म्याडम, दमयंतीकडे आलता तो हाच का?"

मी म्हटलं, अरे, गोष्टीतला हंस सोन्याच्या पंखांचा आणि बोलणारा, हा करडा आणि नुसता ओरडणारा.

"पन उतरला त इदर्भातच ना!"

मला उत्तर आलं नाही. वर्धेच्या खालच्या अंगाला कौंडण्यपूर, म्हणजे लोकांच्या मनात दमयंतीचं आणि रुक्मिणीचं माहेर. मराठीतली आख्यानकविता या दोघींवर किती पोसली आहे बघ. महानुभाव कवी नरेंद्राचं 'रुक्मिणीस्वयंवर' १२९२ चं. पुढं एकनाथांचंही त्याच नावाचं काव्य. आणि दमयंतीवर रघुनाथ पंडित, ज्यांच्या आख्यानातला हंसाचा विलाप जुन्या पिढीला पाठ असायचा. परतीच्या एसटीत मी तो म्हणून दाखवला, जेवढा आठवला तेवढा. पण एक पथ्य पाळलं आणि तूही पाळ: वहीत जी नोंद झाली तिच्यात फक्त तारीख, वेळ, पाणी किती, पक्षी किती आणि कोणी मोजले. हंस आणि दमयंती त्या पानावर आली नाहीत. काव्य बसमध्ये, मोजणी काठावर. दोन्हींची सरमिसळ करणारे निसर्गलेखक मराठीत काही कमी नाहीत, आणि त्यांच्या लिखाणातून पुढच्या अभ्यासकाला एक तारीख मिळत नाही.

वाङ्मयेतिहासाच्या बाबतीत तू नशीबवान आहेस, फक्त तुला ते कुणी सांगितलेलं नाही. आपल्याकडं लोकांना वाटतं, हे काम पुण्याचं. अगं, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ 'लीळाचरित्र' ज्या महानुभाव परंपरेतून आला, तिचं रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालंय. आणि या वाङ्मयावर ज्यांनी आयुष्य घातलं त्यांच्यात तुझ्या यवतमाळचे य. खु. देशपांडे आहेत. पेशानं वकील! शारदाश्रम ही संशोधनसंस्था त्यांनी उभी केली. वि. भि. कोलते मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. ह. ना. नेन्यांनी 'लीळाचरित्र' छापलं ते नागपुरातून. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत होत्या, मठांच्या पेट्यांत होत्या, आणि ही माणसं तिथं जाऊन, महंतांचा विश्वास मिळवून बसली. लीळाचरित्रात शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा चक्रधरांच्या आसऱ्याला शिरतो ती लीळा वाच. मी पोरांना ती माळरानावर नेऊन वाचून दाखवते. सातशे वर्षांपूर्वीची मराठी पोरांना कळते, फक्त हळू वाचावी लागते.

पण सुरुवात एवढ्या मोठ्या ठिकाणाहून करू नको. मोठ्या लेखकाकडं विद्यापीठं जातातच. कवी अनिलांवर लिहायला पुष्कळ आहेत. तू मूर्तिजापुरात, जिथं ते १९०१ मध्ये जन्मले, तिथं त्या काळी वाचायला काय मिळत होतं ते शोध. उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीवर प्रबंध झालेत. त्यातल्या वऱ्हाडी बोलीतले, आज तुझ्या आईला कळतात आणि तुला कळत नाहीत असे शब्द वेगळे काढून त्यांची यादी कर. छापखान्यांकडं जा. बापूजी अण्यांनी १९१८ मध्ये यवतमाळहून 'लोकमत' साप्ताहिक काढलं. अशा पत्रांभोवती जाहिराती लिहिणारे, खिळे जुळवणारे, गावोगावचे वार्ताहर असत, त्यांतल्या कुणाच्या तरी घरी ट्रंक असेल. शाळांची हस्तलिखित मासिकं, भजनी मंडळांच्या वह्या, वाचनालयांचे अहवाल, हे सगळं वाङ्मयेतिहासाचं साहित्य आहे आणि ते तुझ्या सायकलच्या अंतरावर आहे.

आणि स्मरणिकेवर विश्वास ठेवू नको. सुवर्णमहोत्सवी, हीरकमहोत्सवी, कुठलीही. मी ठेवला. एक नामवंत कवी आमच्या वाचनालयात अमुक साली आले होते असं एका स्मरणिकेत होतं. मी ते साल उचललं, लेख लिहिला, छापून आला, कौतुक झालं, मग त्याच सालाच्या आधारे आणखी दोघांनी लिहिलं. चार वर्षांनी माळा साफ करताना जुनी अभिप्राय वही सापडली. कवींची सही होती, सुंदर अक्षर, दोन ओळी, आणि साल स्मरणिकेतल्यापेक्षा तीन वर्षं नंतरचं. मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ते छापलं गेलं नाही. त्यामुळं माझं चुकलेलं साल अजून लोकांच्या लेखांतून फिरतंय, आणि दर वेळी दिसलं की मला तोंडात मारल्यासारखं होतं. स्मरणिका लिहिणाऱ्याला कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मजकूर हवा असतो. तो आठवणीतून साल टाकतो. अभिप्राय वही, इतिवृत्त, पावतीपुस्तक, पोस्टाचा शिक्का, यांतलं काही हाती लागेपर्यंत साल लिहायचंच नाही.

स्कॅनिंगबद्दल तू विचारलंयस. मोबाइलनं कर, चालतं. फक्त फाइलला नाव देताना 'जुने पुस्तक १' असलं देऊ नको. लेखक, नाव, साल, कुणाकडून मिळालं हे नावातच घाल. हक्काचं भान ठेव. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावर २०२८ अखेरपर्यंत. कवी अनिल १९८२ मध्ये, म्हणजे २०४२ पर्यंत. स्कॅन करून जपायला हरकत कमी असते, सगळ्यांना वाटायला असते. कुटुंबाला विचारावं. घरचे लोक पुष्कळदा आनंदानं हो म्हणतात आणि चहाबरोबर आणखी एक पिशवी काढून देतात.

कागद जपण्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती आपल्या भागाची आहे आणि बी.लिब.च्या पुस्तकात नाही. कूलर. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की वाचक येईनासे होतात, म्हणून आम्ही वर्गणी काढून मोठा कूलर बसवला, नेमका जुन्या पुस्तकांच्या कपाटासमोर, कारण खिडकी तिथं होती. दोन महिने गार, ओली हवा थेट कपाटावर. जूनमध्ये कपाट उघडलं तर कुबट वास, पुठ्ठ्यांवर पांढरट बुरशी, दोन पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली. उन्हानं कागद ठिसूळ होतो हे खरं, पण ओलीनं तो सडतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यातली ओल आपणच पैसे देऊन आणतो. कूलर दाराशी, वाचकांकडं तोंड करून. जुन्या पुस्तकांचं कपाट दुसऱ्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढं ओढलेलं, म्हणजे वाळवीची माती भिंतीवरून चढली तर दिसते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत. ओला पाला पानांत ठेवणारे हात मी धरले आहेत.

पहिल्या वर्षी काय करायचं म्हणशील, तर फार करू नको. बी.लिब.ला नाव घाल. गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात जाऊन सांग की मी आठवड्याचे दोन दिवस फुकट येते, तुमची यादी संगणकावर चढवते. ई-ग्रंथालय हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर शिकायला कठीण नाही, आणि यादी चढवताना जुनी नोंदवही आपसूक तुझ्या हातात येते. शेऱ्याचा रकाना सोडू नको. बाजूला एक वही पाखरांची आणि झाडांची, रोज दोन ओळी: पळस कधी फुलला, मोह कधी टपकायला लागला, पावशा पहिल्यांदा 'पेरते व्हा' कधी ओरडला. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या वेबसाइटवर टाकलंस तर उत्तम, पण वहीही ठेव; आमच्याकडची वीज तुला माहीत आहेच. शाळेतली पोरं पक्षी सप्ताहापर्यंत हाताशी धरू नको, आधी तुझी स्वतःची चार महिन्यांची वही भरू दे. आणि लेख वर्षभरात एकच लिही.

लग्नाचंही तू आडून विचारलंयस. त्यावर माझं मत एवढंच की मुलगा वाचणारा नसला तरी चालेल, पण रविवारी सकाळी पाच वाजता तू दुर्बीण घेऊन निघालीस तर दाराची कडी कुरकुर न करता लावून घेणारा हवा. माझ्या यजमानांनी आजवर एक पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. पण नोंदवहीतल्या त्या पुराची तारीख पक्की झाली ती त्यांच्यामुळं. त्यांच्या आजोबांच्या शेतसाऱ्याच्या कागदांत त्याच आठवड्यात खरडून गेलेल्या वावराचा अर्ज होता, आणि तो त्यांनी मला सांगून नव्हे, नुसता आणून टेबलावर ठेवला.

यवतमाळला तुझं जाणं होईलच. शारदाश्रमाची चौकशी कर, जाताना वही आणि पेन्सिल ने. जुन्या पोथीजवळ शाईचं पेन उघडायचं नसतं. आणि आमच्याकडं यायचं असेल तर जानेवारीत ये, पट्टकादंब असतात तोवर. शकुंतला नाही, अमरावतीवरून एसटीनं यावं लागेल.